काळजाचा रकाना

मा. आयुक्त,
क्रीडा व युवक सेवा, महाराष्ट्र राज्य, पुणे



तालुक्याच्या गावातल्या शाळेत मी 31 वर्षं क्रीडाशिक्षिका होते. निवृत्त झाले, पण निवड चाचण्यांचे दिवस आले की घरात पाय ठरत नाही. कुणाची ना कुणाची पोरं घेऊन पहाटेच्या एसटीनं मैदान गाठतेच. राज्य सरकारच्या निवासी क्रीडाप्रबोधिनीच्या चाचण्या मी वर्षानुवर्षं कडेला उभं राहून पाहिल्या आहेत. उंची, वजन, 30 मीटर, 800 मीटर, शटल रन, मेडिसिन बॉल. उभ्या उडीच्या भिंतीवर खडूनं माखलेल्या बोटांचे ठसे, जमिनीवर अंथरलेला टेप, आणि टेबलाशी बसून आकडे उतरवून घेणारा माणूस. मला या चाचण्या मनापासून आवडतात. टेपला आमदार माहीत नसतो. बाप कोण, गाव कुठलं, जात कोणती, हे मेडिसिन बॉलला कळत नाही. तो पडतो तिथंच पडतो.

मागे एकदा अशाच चाचणीला शेजारी एक वस्ताद उभे होते. तालमीतली चार पोरं घेऊन आलेले. सगळं उरकलं, पोरं सावलीला केळी खात बसली, तेव्हा ते कागदाकडे बघत म्हणाले, "बाई, सगळं मापलं. काळजाचा रकाना कुठाय?"

हे पत्र त्या रकान्याविषयी आहे.

वस्तादांचा प्रश्न हल्ली सगळीकडून ऐकू येतो. राज्याची मिशन लक्ष्यवेध ही क्रीडा योजना आली, क्रीडाविज्ञान हा शब्द तालुक्याच्या बैठकीतही पोचला. पालक विचारतात, प्रशिक्षक विचारतात, की शरीर एवढं मोजता तर मन का नाही? प्रश्न रास्त आहे. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आपले सहा जण किंवा जोड्या चौथ्या क्रमांकावर थांबल्या, तेव्हा चहाच्या टपरीपासून वृत्तवाहिन्यांपर्यंत सगळे मानसशास्त्रज्ञ झाले होते. आज ना उद्या कुणीतरी छापील प्रश्नावली घेऊन आपल्या टेबलाशी येईल आणि म्हणेल, साहेब, 20 मिनिटांत पोराची जिद्द, एकाग्रता, दडपण पेलण्याची ताकद, सगळं टक्क्यांत काढून देतो. तो येण्याआधी माझं पत्र पोचावं म्हणून आज लिहिते आहे.

मन मोजायला माझा विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच, की तो आकडा निवडीच्या कागदावर लिहू नका. तो ज्याच्या मनाचा आहे त्याच्याच वहीत राहू द्या.

आधी माझा गुन्हा सांगते, म्हणजे मी हे कुठून बोलते ते कळेल. 1998 मध्ये आमच्या मुलींचा खो-खोचा संघ विभागीय स्पर्धेला गेला होता. शेवटची काही मिनिटं, दोन गुणांची गरज. आमची सगळ्यात चपळ पोरगी पाठलागावर होती. समोरची गडी खांबाला वळसा घालणार, हिनं झेप घ्यायची, बस्स. ती खांबाशी पोचली आणि थांबली. सामना गेला. परतीच्या गाडीत सगळ्यांसमोर मी म्हणाले, "हिच्यात सगळं आहे, पण ऐन वेळी कच खाते." दुसऱ्या दिवसापासून मुली तिला कच्ची म्हणायला लागल्या. दिवाळीनंतर ती मैदानावर आली नाही. ती का थांबली हे मी तिला कधी विचारलंच नाही. निदान करून मोकळी झाले होते ना!

माझ्याकडे छापील प्रश्नावली नव्हती. असती तर हेच वाक्य मी टक्क्यांत म्हटलं असतं आणि ते जास्त खरं वाटलं असतं.

मनाच्या मोजमापाचा हा मोह जुना आहे. 1960 च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथं ब्रूस ओगिल्व्ही आणि थॉमस टटको या दोन मानसशास्त्रज्ञांनी खेळाडूंसाठी एक चाचणी बनवली. 190 प्रश्न, 11 गुण: जिद्द, आक्रमकता, आत्मविश्वास, भावनांवर ताबा, मानसिक कणखरता, प्रशिक्षकाचं ऐकण्याची वृत्ती, असे. व्यावसायिक संघांनी ती हौसेनं वापरली. संघमालकाला आणखी काय हवं? पैसे ओतण्याआधी खेळाडूच्या आत डोकावायची खिडकी मिळाली. पण पुढं इतर अभ्यासकांनी ती तपासायला घेतली, तेव्हा प्रश्न निघू लागले. या 11 गुणांवरून मैदानातली कामगिरी सांगता येते याचा भक्कम पुरावा कुठं आहे? 1970 ची सगळी दहा वर्षं या वादात गेली. एका टोकाला सगळ्यावर विश्वास ठेवणारे, दुसऱ्या टोकाला कशावरच न ठेवणारे. विल्यम मॉर्गन नावाच्या अभ्यासकानं दोघांच्या मधली वाट धरली: स्वभावाचा कामगिरीशी काहीतरी संबंध आहे, पण केवळ त्यावर माणूस निवडावा इतका तो पक्का नाही. क्रीडा मानसशास्त्रात व्यक्तिमत्त्व चाचणीवर खेळाडू निवडू नये हा सर्वसाधारण शहाणपणा तेव्हापासून रुजला. अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र नव्या खेळाडूंना 12 मिनिटांत 50 प्रश्न सोडवायला लावणारी बुद्धीची चाचणी वर्षानुवर्षं चालू राहिली. ती 2022 मध्ये थांबली. म्हणजे पैसा आणि विज्ञान दोन्ही असलेल्या देशालाही हा रकाना खोडायला अर्धं शतक लागलं.

आपल्याकडे काय होईल ते सांगायला मानसशास्त्रज्ञ नको. निवड चाचणीत मनाचे गुण धरले, की वर्षाच्या आत त्याचे क्लास निघतील. पोलीस भरतीच्या पुस्तकांशेजारी "क्रीडा मानसिक चाचणी: 500 संभाव्य प्रश्न, उत्तरांसह" हे पुस्तक दिसेल, आणि एसटी स्टँडवर ते सगळ्यात आधी खपेल. 12 वर्षांच्या पोराला "हरल्यावर तू किती दिवस अस्वस्थ असतोस?" असं विचारलंत, तर उत्तर देण्याआधी ते तुमच्या चेहऱ्याकडे बघेल. तुम्हाला काय हवंय हे ओळखण्यात आपली पोरं तरबेज असतात, शाळेत आम्ही दुसरं शिकवतो तरी काय? उभी उडी खोटी मारता येत नाही. "मी दडपणात शांत असतो" यापुढं बरोबरची खूण मात्र हवी तेव्हा करता येते. आणि जे पोरगं प्रामाणिकपणे लिहील की मला सामन्याआधी उलटी होते, ते घरी जाईल.

या प्रश्नावल्या टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाही, तसं म्हटलं तर ते खोटं होईल. 1995 मध्ये अमेरिकेत रोनाल्ड स्मिथ आणि सहकाऱ्यांनी एक छोटी प्रश्नावली प्रसिद्ध केली. 28 विधानं, सात कप्पे: अडचणीत तग धरणं, दडपणाखाली खुलणं, ध्येय ठरवणं, एकाग्रता, चिंतेपासून मोकळीक, आत्मविश्वास नि जिद्द, शिकून घेण्याची तयारी. बेसबॉलच्या खालच्या श्रेणीतल्या व्यावसायिक खेळाडूंवर ती वापरली, तेव्हा पुढच्या दोन-तीन वर्षांत कोण टिकेल याचा काही अंदाज त्यातून येतो असं दिसलं. ही साधी गोष्ट नाही. पण ते खेळाडू मोठे होते, करारावर होते, आणि त्या कागदावर त्यांची नोकरी टांगलेली नव्हती. तोच कागद वसतिगृहातली जागा ठरवणार असेल, तर त्याच 28 विधानांची उत्तरं वेगळी येतील. टेप कुणीही धरला तरी उडी तेवढीच भरते, प्रश्नाचं तसं नसतं.

आणखी एक अडचण आहे, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मनाच्या बाबतीत जास्त म्हणजे चांगलं आणि कमी म्हणजे वाईट, हा नियमच चालत नाही. युरी हानिन या रशियन मानसशास्त्रज्ञानं बरीच वर्षं खेळाडूंची धडधड, भीती, राग अभ्यासून सांगितलं, की प्रत्येकाची उत्तम खेळण्याची पातळी वेगळी असते. एखादा अगदी शांत असेल तेव्हाच चांगला खेळतो. दुसऱ्याच्या पोटात गोळा आला नाही तर त्याच्या हातून काही होतच नाही. हे तर कुठलाही वस्ताद सांगेल. एका पैलवानाला मैदानाआधी शिव्या घालाव्या लागतात, दुसऱ्याला एकटं सोडावं लागतं. दोघांना चिंतेच्या रकान्यात 10 पैकी 8 मिळाले, तर त्यातला कुणाचा 8 चांगला आणि कुणाचा वाईट? ते त्या दोघांना आधीच्या दहा कुस्त्यांत पाहिलेल्या माणसालाच कळेल. शिवाय आकड्याआधी शब्दांचा घोळ. इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी करून "चिंता" लिहिलं, की माझ्या गावची पोरगी विचारते, "कसली? फीची का?" तिच्याकडे धाकधूक आहे, धसका आहे, दडपण आहे, टेन्शन आहे, पाय लटपटणं आहे. हे पाच वेगळे अनुभव आहेत आणि छापील कागदावर त्यांना मिळून एकच ओळ असते.

आता आपल्याच घरचं उदाहरण देते. 29 सप्टेंबर 2023, हांगझोऊची आशियाई स्पर्धा, 50 मीटर रायफल थ्री पोझिशनची अंतिम फेरी. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे, आपल्या क्रीडाप्रबोधिनीत घडलेला, पदकाच्या, नव्हे सुवर्णाच्या रेषेत होता. उभ्यानं मारायच्या टप्प्यात एक गोळी 7.6 ला गेली. या पातळीवर 7.6 म्हणजे आभाळ कोसळणं. तो चौथा आला. आदल्या वर्षी कैरोच्या जागतिक स्पर्धेतही तो चौथाच होता, तिथं निदान ऑलिम्पिकचा कोटा तरी हाती लागला होता. त्या संध्याकाळी हांगझोऊत "दडपणाखाली खुलणं" या कप्प्यात त्याला कुणी किती गुण दिले असते? माझ्यासारखीनं तर गाडीत बसल्याबसल्या निकाल दिला असता.

दहा महिन्यांनी, 1 ऑगस्ट 2024 ला, तोच कुसळे पॅरिस ऑलिम्पिकच्या शातोरूच्या रेंजवर उभा होता. पात्रता फेरीत सातवा आलेला. अंतिम फेरीतही सुरुवातीला मागेच होता. मग ज्या टप्प्यात हांगझोऊला सगळं हातचं गेलं होतं, त्याच उभ्याच्या टप्प्यात तो वर सरकत गेला आणि 451.4 गुणांवर कांस्यपदक घेऊन थांबला. त्या दहा महिन्यांत त्याच्या आत काय घडलं, हे तो आणि त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे जाणोत. मला दिसतं ते एवढंच, की 7.6 च्या रात्री काढलेला मनाचा फोटो दहा महिन्यांनी जुना झाला होता. मणिपूरच्या मीराबाई चानूचं तेच. 2016 ला रिओत क्लीन अँड जर्कच्या तीनही उचली फसल्या, नावापुढं एकूण वजनच लागलं नाही. पुढच्याच वर्षी ती जगज्जेती झाली, आणि टोकियोत रौप्य. आणि खाशाबा जाधव, ज्यांचा 15 जानेवारीचा जन्मदिवस आपण राज्य क्रीडा दिन म्हणून पाळता, ते 1948 ला लंडनमध्ये सहावे होते. हेलसिंकीचं कांस्य चार वर्षांनी आलं. 12 वर्षांच्या पोराच्या बाबतीत तर मनाचा फोटो दहा महिनेही टिकत नाही. आवाज फुटतो, मिसरूड येतं, बाप मुंबईला जातो, आणि पोरगं वेगळंच होऊन बसतं.

प्रेरणेकडे येते. या बाबतीत माझ्या पोरांवर अन्याय होईल अशी मला खरी भीती आहे.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या सिद्धांतावर खेळातल्या प्रेरणेची मोजपट्टी उभी आहे. त्यातली एक 28 विधानांची प्रश्नावली कॅनडात तयार झाली आणि जगभर वापरली गेली. तिचा गाभा साधा आहे. खेळाच्या आनंदासाठी खेळणं एका टोकाला, बक्षीस किंवा धाक यांच्यासाठी खेळणं दुसऱ्या टोकाकडे, आणि त्याच्याही पलीकडे "का खेळतो कुणास ठाऊक" अशी अवस्था. आतून आलेली प्रेरणा जास्त टिकते, हे त्यांचं म्हणणं अनेक अभ्यासांत दिसलंय. माझ्याही डोळ्यांनी दिसलंय.

पण आमच्याकडच्या पोराला विचारा, का धावतोस? ते म्हणेल, भरतीसाठी. शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, आणि हे त्याच्या आईलाही पाठ आहे. कागदावर हे पोरगं "बाह्य प्रेरणा" या कप्प्यात पडेल आणि कुणीतरी भुवया उंचावेल. त्याच सिद्धांतात पुढं असंही सांगितलंय, की बाहेरचं कारण माणूस हळूहळू आपलंसं करतो, आणि मग ते जवळजवळ आतल्याइतकंच बळ देतं. पण हे बारकावे टक्केवारीत येत नाहीत. 1952 साली खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. गहाण पडलेलं घर पाठीशी घेऊन कुस्ती धरणाऱ्या माणसाची प्रेरणा आतली की बाहेरची? मला नाही वाटत खाशाबांना तरी हा प्रश्न कळला असता.

मुलींचं तर वेगळंच. सातवी-आठवीपर्यंत मैदान गाजवणाऱ्या पोरी नववीत गळतात. आमच्या शिक्षकांच्या खोलीत त्याला "इंटरेस्ट संपला" म्हणतात. मी 31 वर्षं हा संपलेला इंटरेस्ट जवळून पाहिला. मैदानाशेजारच्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती. सरावाची वेळ साडेपाचची आणि शेवटची गाडी सहाची. धाकट्या भावंडांचं बघायला घरी दुसरं कुणी नव्हतं. चड्डी घालून पळते म्हणून चुलत्यानं बोलणी लावली होती. यातलं काहीच तिच्या मनात नाही, सगळं मनाबाहेर आहे, पण प्रश्नावलीत ते "प्रेरणा कमी" असं उतरतं. स्वच्छतागृहाला कडी लावली त्या वर्षी आमच्या नववीच्या सहा मुलींची प्रेरणा एकदम वाढली, हे मी कुठल्याही मानसशास्त्रज्ञाला छातीठोक सांगेन.

म्हणून एक उलटी सूचना करते. आवडणार नाही, माझ्या व्यवसायबंधूंना तर नाहीच. पोरांना मोजायच्या आधी आम्हाला मोजा. 1990 च्या दशकात जोन ड्यूडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरावाचं वातावरण मोजणारी प्रश्नावली केली. ती खेळाडूला त्याच्या स्वतःविषयी विचारत नाही, प्रशिक्षकाविषयी विचारते. इथं चुकलं की शिक्षा होते का? सर फक्त दोन-तीन लाडक्यांकडेच बघतात का? कालच्यापेक्षा आज बरं जमलं तर कुणाच्या लक्षात येतं का? ही उत्तरं नावाशिवाय घेता येतात, वसतिगृहात, वर्षातून दोनदा. त्यातून प्रत्येक केंद्राविषयी जे कळेल त्यावर आपल्याला कारवाईही करता येईल. पोराचा स्वभाव आयुक्तालयाच्या हातात नाही, प्रशिक्षकाची नेमणूक आहे. 1998 मध्ये माझ्याविषयी असा कागद कुणी भरून घेतला असता, तर तो मी नीट जपून ठेवला असता. आधी रागानं फाडला असता, ते वेगळं.

मनाची ताकद आणि मनाचं आजारपण या दोन गोष्टी कृपा करून एका कागदावर आणू नका. आजारपणाची चाळणी हवीच. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं त्यासाठी एक साधन केलंय: आधी दहा प्रश्न, त्यात काही खटकलं तर झोप, खाणं, नैराश्य, चिंता, व्यसन यांच्या पुढच्या प्रश्नावल्या, मग तज्ज्ञ. पण ते 16 वर्षांवरच्यांसाठी आहे आणि उपचारासाठी आहे. क्रीडाप्रबोधिनीत येणारी कितीतरी पोरं त्याहून लहान असतात. त्यांना प्रश्नावलीपेक्षा ज्याच्यापाशी रडता येईल असं एक मोठं माणूस आधी लागतं, जे निवड समितीवर नसेल. आणि 18 वर्षांखालच्या मुलांची अशी माहिती संगणकात भरायची, तर 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं पालकांच्या संमतीपासून बऱ्याच अटी घातल्या आहेत. आपले विधी अधिकारी ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

आपल्याकडे खेळाडूंच्या मनावर काम करण्याची परंपरा नाही असं मात्र कुणी म्हणू नये. नाशिकचे भीष्मराज बाम पोलीस खात्यातले मोठे अधिकारी, स्वतः नेमबाजीतले जाणकार. योगाच्या वाटेनं ते खेळाडूंच्या मनाशी पोचले आणि देशातल्या कितीतरी नामवंत नेमबाजांना, क्रिकेटपटूंना त्यांनी उभं केलं. 2017 मध्ये ते गेले. मराठीत, साध्या शब्दांत, खेळाडूशी मनाविषयी कसं बोलावं याचा धडा त्यांनी घालून दिलाय. प्रत्येक केंद्रावर बाम असणार नाहीत हे मला कळतं. पण आठवड्यातून दोन दिवस येणारा, पोरांची भाषा येणारा एक प्रशिक्षित समुपदेशक, एवढं तर परवडेल. एका मेडिसिन बॉलच्या टेंडरला जेवढ्या सह्या लागतात तेवढ्यात तो नेमता येईल.

मग काळीज मोजायचं कसं? मला जमलेली एक रीत सांगते. ती माझी नाही. रिचर्ड बटलर नावाच्या इंग्लंडमधल्या मानसशास्त्रज्ञानं मुष्टियोद्ध्यांबरोबर काम करताना 1990 च्या सुमारास ती बसवली. एका प्रशिक्षण शिबिरात मी ती ऐकली आणि शाळेत येऊन तिचं देशी रूप केलं. व्हरांड्यातल्या फरशीवर खडूनं प्रत्येक मुलीनं आपलं एक मोठं वर्तुळ काढायचं आणि भाकरीसारखे त्याचे आठ भाग करायचे. आपल्या खेळात चांगल्या खेळाडूला काय काय लागतं, ते तिनंच, तिच्या शब्दांत, एकेका भागात लिहायचं. मी काही सुचवायचं नाही. मग प्रत्येक भागाला स्वतःला 10 पैकी गुण द्यायचे आणि तेवढा भाग मधून बाहेर रंगवत न्यायचा. त्यानंतर मी तिच्यासाठी माझ्या शब्दांत एक वर्तुळ भरायचं, आणि दोन्ही शेजारी ठेवून बोलायचं.

काय काय लिहिलं पोरींनी! "खो मिळायच्या आधी न उठणं." "पहिली गडी लवकर बाद झाली तरी तोंड न पाडणं." "बाई ओरडल्या तरी कानाआड करणं." (हे वाचून मी गप्प बसले. त्या मुलीनं स्वतःला 9 दिले होते.) "दमल्यावर खोटं न दमणं" हे एकीनं लिहिलं, त्याचा अर्थ समजायला मला दोन दिवस लागले. ती म्हणत होती, थोडं दमल्यावर जास्त दमल्याचं नाटक करतो, ते न करणं. ही जाण कुठल्या छापील प्रश्नावलीत सापडेल?

वर्तुळांचे कागद पुढं त्यांच्याच वह्यांत राहिले. मी कुणाचे गुण कुठं कळवले नाहीत, मुख्याध्यापकांनी मागितले तेव्हाही नाही. दर महिन्याला नवं वर्तुळ, आणि जुन्याशी ताडून बघणं. निवड करताना मी मैदानातल्या खेळाकडेच बघत होते. वर्तुळ निवडीत धरायला लागले असते, तर दुसऱ्या महिन्यात सगळ्यांचे सगळे भाग 10 पर्यंत रंगले असते.

एका मुलीचं वर्तुळ सांगून थांबते. चपळ, हसरी, पाठलागात पहिल्या क्रमांकाची. मी तिला "धीट" या भागात 8 दिले होते. तिनं स्वतःच्या वर्तुळात तो शब्द लिहिलाच नव्हता. तिथं लिहिलं होतं, "खांबाशी डोळे न मिटणं", आणि गुण दिले होते 2. मी विचारलं, असं का गं? म्हणाली, पाचवीत असताना खांबावर आपटून दात पडला होता, पुढचा, हा बघा, खोटा आहे. तेव्हापासून झेप घ्यायची वेळ आली की डोळे आपोआप मिटतात आणि पाय थांबतात. घरी सांगितलं तर खेळ बंद करतील म्हणून कुणाला सांगितलं नाही.

यात मानसिक कणखरतेचा काय संबंध? आम्ही कोठीतून तांदळाची दोन रिकामी पोती आणली, त्यात भुसा भरला आणि सुतळीनं खांबाला गुंडाळली. पंधरा दिवस ती त्या पोत्यांवर झेपा घेत राहिली. मग एक पोतं काढलं. मग दुसरं. पुढच्या वर्तुळात तिनं 6 लिहिले आणि खाली पेन्सिलीनं "अजून एकच डोळा मिटतो" असं लिहून ठेवलं.

तशी पोती 1998 मध्येही आमच्या कोठीत पडलेली होती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका